पाच धक्क्यांत चंद्र

एका निवृत्त अभियंत्याला रविवारी सकाळी सात वाजता लहान मुलांच्या झोपाळ्यावर बसवायचं, असा माझा मुळीच बेत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत अजूनही काही लोकांची खात्री आहे की मी ते मुद्दाम केलं. मला फक्त फळ्यावर सहा ओळी लिहायच्या होत्या.

फळा म्हणजे आमच्या इमारतीच्या फाटकाजवळचा. चार बाय तीन फुटांचा, वरचा डावा कोपरा उडालेला. दर सोमवारी सकाळी मी त्यावर काहीतरी माहिती लिहिते. मुंग्यांना वाट कशी सापडते, साबणाने मळ का निघतो, एकाने जांभई दिली की दुसरा का देतो. अकरा वर्षं झाली. माझं शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही गणितात काठावर. पुढचं सगळं शिक्षण शिलाई मशीनशेजारी पुस्तक उघडं ठेवून, पान मिटू नये म्हणून त्यावर कात्री आडवी टाकून झालेलं. मी घरी कपडे दुरुस्त करते. सैल झालेले घट्ट, घट्ट झालेले सैल. माणसांची पोटं आहेत तोवर मला कामाला तोटा नाही. पण या कामात एक गंमत आहे. दुरुस्ती चांगली झाली की ती कोणाला दिसत नाही. दिसली तर समजायचं बिघडली. त्यामुळे आयुष्यभर मी जे काही बरं केलं ते कोणाच्या नजरेलाच पडलं नाही. फळा मात्र दिसतो. जाता-येता माणूस दोन सेकंद थांबतो, ओठ हलवतो, पुढे जातो. त्या दोन सेकंदांवर मी आठवडा काढते.

आमच्या सासूबाई तर दर सोमवारी भिंग घेऊन खाली उतरतात, अक्षर न् अक्षर वाचतात आणि वर येऊन म्हणतात, "ठीक आहे." अकरा वर्षांत "छान" असं एकदाही म्हणालेल्या नाहीत. पण एक सोमवारही चुकवलेला नाही.

तर त्या आठवड्यात चंद्राकडे एक यान निघालं होतं आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय होता. मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, चार दिवस वाचली आणि सोमवारी लिहिलं: "चंद्राकडे निघालेले यान सरळ चंद्राकडे जात नाही. ते आधी पृथ्वीभोवती लांबट गोल वाटेने फिरते. दर फेरीत ते पृथ्वीच्या अगदी जवळ आले, की त्याचे इंजिन थोडा वेळ चालवतात. त्यामुळे वाटेचे दूरचे टोक आणखी दूर जाते. असे चार-पाच वेळा केले, की ते टोक चंद्रापर्यंत पोहोचते. एवढ्याशा इंजिनाला ही ताकद एकदम लावता येत नाही, म्हणून ती हप्त्याहप्त्याने लावतात."

खाली चित्र काढलं. एकात एक असे पाच लांबट गोल. हे गोल हाताने काढले तर बटाट्यासारखे दिसतात, म्हणून मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. कागदाची चौपदरी घडी घातली, एक कोपरा वळणाने कापला, उघडला की झाला लांबट गोल, चारी बाजूंनी नेमका सारखा. असे पाच आकार कापून फळ्यावर धरून गिरवले आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे, बरोबर मधोमध, निळ्या खडूने पृथ्वी काढली. इतकं नेटकं चित्र त्या फळ्यावर आजवर झालं नव्हतं.

साडेआठला पाणीपुरवठा काका फिरून आले.

पाणीपुरवठा काका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. पस्तीस वर्षं त्यांनी या शहराला पाणी पाजलं, असं ते सांगतात. मधल्या काळात पाऊसही पडत असेल, पण त्याचा उल्लेख ते करत नाहीत. निवृत्त झाल्यापासून त्यांचा फळ्यावर डोळा होता. त्यांना तिथे नळ कसे बंद करावेत हे लिहायचं होतं.

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. "हे चूक आहे."

मी खडूची पूड झटकत होते. "काय चूक आहे, काका?"

"सगळंच. हे बघा बाई, चौथ्या मजल्यावर पाणी चढवायचं तर मी तेवढ्या ताकदीचा पंप बसवतो. पाण्याला आधी इमारतीभोवती पाच चकरा मारायला लावत नाही. आणि हे काय? जवळ आल्यावर इंजिन चालवायचं म्हणजे दूरचं टोक लांबतं? दूर जायचंय तर जोर दूर गेल्यावर लावा! साधी अक्कल आहे."

तोवर पाच-सहा जण जमले होते. आमच्याकडे दोन माणसांत मतभेद झाला की बाकीच्यांना कुठे जायची घाई राहत नाही. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकांचं बरोबर वाटतंय. ते इंजिनियर आहेत ना." मी दहावी, हे त्या म्हणाल्या नाहीत. पण त्या म्हणाल्या नाहीत हे सगळ्यांना ऐकू आलं.

"मी दाखवून देते," मी म्हणाले.

"कुठे? आकाशात?"

"झोपाळ्यावर," मी म्हणाले. हे मी का म्हणाले ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. तोंडातून गेलं.

आमचे सेक्रेटरी भांडणाला इतके भितात की लिफ्टमध्ये दोन माणसं असली तर जिन्याने जातात. त्यांनी संध्याकाळी सूचना लावली. "फळ्यावरील मजकुराच्या खरेपणाविषयी" असं वर, आणि खाली अट: पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सर्वांसमक्ष सोक्षमोक्ष व्हावा, मजकुरात किंवा चित्रात एकही चूक निघाल्यास फळा पाणीपुरवठा काकांकडे जावा, तोवर फळा पुसू नये, तो पुरावा आहे. म्हणजे एक सोमवार मला फळ्याला हातच लावायचा नव्हता. अकरा वर्षांतला पहिला.

घरी आले तेव्हा आमचे हे खिडकीत बसून डोळ्याला भिंग लावून कोणाचंतरी मनगटी घड्याळ उघडत होते. ह्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ह्यांना बोलायची सवय कमी आणि ऐकायची जास्त.

"झोपाळ्याचं चूक बोलले का हो मी?"

"नाही," हे म्हणाले. घड्याळावरून नजर न काढता पुढे म्हणाले, "घड्याळातलं चाक असंच डोलतं. मधून, जोरात जात असतं ना, तेव्हाच त्याला टिचकी देतात. टोकाला दिली तर वाया जाते."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्यांच्या कामात इतकं काही आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांना जागच्या जागी धक्का देणारा म्हणून नेमून टाकलं.

झोपाळा शेजारच्या सार्वजनिक बागेत होता. त्यावर पाटी होती: "बारा वर्षांवरील व्यक्तींस सक्त मनाई." रखवालदाराने सांगितलं, "परवानगी आणा, मग चंद्रावर जा नाहीतर आणखी कुठे." म्हणून मंगळवारी मी उद्यान कार्यालयात गेले.

चार मजली इमारत. तळमजल्यावर अर्ज घेण्याची खिडकी आणि खिडकीत एक कारकून, ज्याने आयुष्यात सगळं पाहून झालं आहे असा चेहरा.

"झोपाळ्यावर कोण बसणार?"

"निवृत्त अभियंते."

"वय?"

"एकाहत्तर."

"कारण?"

"चंद्र."

फॉर्मवर चार पर्याय होते: फोटो, व्यायाम, शाळेची सहल आणि इतर. त्याने "इतर"वर खूण केली, शिक्का मारला आणि म्हणाला, "पहिला मजला."

पहिल्या मजल्यावर खेळसाहित्य विभाग. तिथल्या बाई म्हणाल्या, "आवक क्रमांक कुठाय? खालून घेऊन या." खाली आले. खिडकीतून क्रमांक पडला, शिक्का पडला. "आता दुसरा मजला." दुसऱ्या मजल्यावर सुरक्षा विभाग. त्यांना खेळसाहित्याचा शेरा हवा होता आणि शेऱ्यावर खालच्या खिडकीची नोंद. पुन्हा खाली. पुन्हा शिक्का. तिसऱ्या मजल्यावर वृक्ष विभाग, कारण चंद्र मी झाडाला टांगणार होते. त्यांनी चंद्राचं वजन विचारलं. मी म्हणाले, पातेल्याचं झाकण आहे. ते म्हणाले, तसं लिहून आणा, खालच्या खिडकीत.

तिसऱ्यांदा खाली उतरताना माझे गुडघे बोलायला लागले होते. मी जिन्याच्या मधल्या वळणावर बसले आणि तिथे, काखोटीला फाईल, हातात पाण्याची बाटली, अशा अवस्थेत मला हसू फुटलं. दर फेरीत मी त्या एकाच खिडकीजवळ येत होते. धक्का मिळत होता तो फक्त तिथे. आणि दर वेळी माझं दूरचं टोक एक मजला वर जात होतं! पुस्तकात मी हे चार दिवस वाचलं होतं. गुडघ्यांना ते दोन तासांत समजलं.

मी ते खिडकीत जाऊन सांगितलं. कारकुनाने पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मी पृथ्वी?"

"तुम्ही पृथ्वी. आणि तुमचा शिक्का म्हणजे इंजिन."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इतक्या वर्षांत लोकांनी त्याला बरंच काही म्हटलं असेल, पण पृथ्वी कोणी म्हटलं नसावं. त्याने शिक्का शाईत दोनदा दाबला आणि असा मारला की बाजूच्या टेबलावरचा चहा हलला. "जा ताई. चौथा मजला. भरपूर दिलंय."

मी इतक्या जोमाने निघाले की चौथ्या मजल्यावर थांबलेच नाही. अधीक्षकांच्या दाराला पाटी नव्हती. मी त्या दारावरून सरळ पुढे गेले, एक अरुंद जिना चढले आणि गच्चीवर रोपांच्या पिशव्यांमध्ये उभी राहिले. तिथल्या माळ्याने विचारलं, "कोण हवंय?" परत खाली येईपर्यंत शिपाई दाराला कडी लावत होता. "साहेब गेले. तुम्ही समोरून पळत गेलात, त्यांनी पाहिलं तुम्हाला."

तेव्हा मला पुस्तकातलं ते दुसरं प्रकरण आठवलं, जे मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. चंद्रापर्यंत पोहोचणं हे अर्धंच काम असतं. तिथे गेल्यावर इंजिन उलट्या बाजूला चालवून वेग कमी करावा लागतो, नाहीतर यान चंद्रावरून सुसाट पुढे निघून जातं. माळ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर हळू चढले आणि अधीक्षकांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. तासाभराने त्यांनीच बोलावलं. थकलेले गृहस्थ होते. सगळे शिक्के उलटसुलट पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि हे यान परत येतं का?"

"हे नाही येत, साहेब. हे तिथेच राहतं. चंद्राभोवती फिरत."

"बरं आहे त्याचं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. रविवारी सकाळी सात ते सव्वासात. एकच प्रौढ व्यक्ती, वजन पंचाहत्तर किलोच्या आत. रखवालदार हजर. चंद्राच्या दोरीने झाडाला इजा होता कामा नये.

घरी परतताना मी चक्क गुणगुणत होते. काकांना कागद दाखवला. वाटलं होतं की ते म्हणतील, दुसऱ्या कोणाला बसवा. पण नाही! "मीच बसणार. दुसऱ्याच्या पोटातला अनुभव मला पुरावा म्हणून चालणार नाही. आणि माझं वजन चौऱ्याहत्तर आहे." हे वजन कधीचं, ते मी विचारलं नाही. त्यांच्या तिन्ही पँटी मीच सैल केल्या होत्या. पण धंद्यातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

दीड आठवडा सगळ्यांनी सल्ले दिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपाळा कशाला, लांब इलॅस्टिकला काहीतरी बांधून फिरवा. मी लोकरीचा गुंडा बांधून फिरवला. तो पंख्यात गेला आणि पंख्याने पुढच्या सगळ्या फेऱ्या आपल्या हिशेबाने घेतल्या. सेक्रेटरी म्हणाले, ताई, काही नाही झालं तर बरोबरी जाहीर करू का? हे मात्र रोज संध्याकाळी दुकानातून येताना बागेत जाऊन रिकाम्या झोपाळ्याला टिचक्या मारून बघायचे.

आणि मग शनिवारची दुपार.

सासूबाई खाली गेल्या होत्या. वर आल्या, माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या, भिंग मांडीवर ठेवलं. सोमवार नव्हता, म्हणून मी पाय थांबवला.

"अगं, तू लिहिलंयस की यान दर फेरीत एकदा पृथ्वीच्या जवळ येतं."

"हो, आई."

"आणि एकदा दूर जातं."

"हो."

"मग पृथ्वी मधोमध कशी? लांबट गोलाच्या मधोमध बसलं तर दोन्ही कुशी सारख्याच जवळ. म्हणजे ते एका फेरीत दोनदा जवळ येईल आणि दोनदा दूर जाईल. मी बोट फिरवून पाहिलं. तीनदा."

मी उठले, पुस्तक काढलं, ते पान उघडलं. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी एका टोकाकडे सरकलेली होती. मी ते चित्र चार दिवस पाहिलं होतं. आणि फळ्याशी गेल्यावर माझ्या हाताने काय केलं, तर घडी घातली, कापलं आणि मध्यावर खूण केली, कारण तीस वर्षं तो हात प्रत्येक कापडाचा मध्य शोधत आला आहे. काजं, खिसे, गळे, सगळं मध्यापासून मोजायचं. पृथ्वीसुद्धा मी बटणासारखी लावून टाकली होती.

"मी कोणाला सांगणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "काकांच्या ते लक्षात आलेलं नाही. ते दुसऱ्याच गोष्टीला चूक म्हणतायत, आणि ती तर बरोबर आहे. तू काय करायचं ते तू बघ." आणि त्या भिंग घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

अट डोळ्यांसमोर नाचायला लागली. "मजकुरात किंवा चित्रात." चित्रात! सेक्रेटरींनी आयुष्यात एकदाच नेमकं लिहिलं होतं. मी ह्यांना दुकानात फोन केला. असला फोन मी कधी करत नाही, म्हणून ह्यांना आधी वाटलं कोणी पडलं.

"सांगितलं तर फळा जाईल," मी म्हणाले.

पलीकडे टिकटिक ऐकू येत होती. दुकानात चाळीस घड्याळं आहेत. मग हे म्हणाले, "नाही सांगितलंस तर राहील. मग दर सोमवारी तू ते मनात ठेवून तिथे उभी राहशील."

एवढंच. मला ह्यांचा जरा रागच आला. एखादा नवरा म्हणाला असता, जाऊ दे गं, कोण बघतंय.

रविवारी सातला बागेत अख्खी इमारत. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत चपला, हातात घड्याळ. समोरच्या झाडाच्या फांदीवरून मी चंद्र सोडला होता, पातेल्याचं घासून चकचकीत केलेलं झाकण. सासूबाईंना बाकावर बसवलं होतं. रखवालदार शिट्टी तोंडात धरून.

"पहिल्यांदा तुमच्या पद्धतीने, काका," मी म्हणाले. "जोर टोकाला."

हे मागच्या टोकाला उभे राहिले. झोपाळा जिथे क्षणभर थबकतो तिथे ह्यांनी दोन बोटांची टिचकी दिली. पुन्हा दिली. पाच दिल्या. काका एखाद्या शांत विचारासारखे जागच्या जागी डुलत राहिले.

"आता माझ्या पद्धतीने. जोर तळाला, म्हणजे पृथ्वीजवळ. टिचकी तेवढीच हं."

हे बाजूला येऊन उभे राहिले, झोपाळा सगळ्यात खाली आणि सगळ्यात वेगात असतो तिथे. काका समोरून गेले. पाठीवर तेवढीच टिचकी. दूरचं टोक वीतभर वर गेलं. दुसरी टिचकी. आणखी वर. "हा!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तिसरी. काकांचे पाय आता माणसांच्या डोक्यांवरून जात होते. ह्यांचा हात एकदाही चुकला नाही; चाळीस घड्याळांचा हात तो. चौथी. काकांच्या चेहऱ्यावर आधी संशय होता, मग हिशेब आला, आणि आता एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही असं काहीतरी होतं. पाचवी टिचकी, आणि काकांच्या उजव्या पायाचा अंगठा झाकणाला लागला.

ठण्ण!

टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई तर उड्या मारत होत्या. त्याच क्षणी काकांची उजवी चप्पल पायातून सुटली, चंद्राला वळसा न घालता सरळ पुढे गेली आणि कारंज्याच्या हौदात पडली.

"ती बघा!" मी ओरडले. मला राहवेना. "वेग कमी केला नाही की असं होतं! चंद्रापाशी पोहोचल्यावर इंजिन उलटं चालवावं लागतं!"

"अहो मग चालवा की!" काका ओरडले. ते आता ठण्ण, ठण्ण करत येत-जात होते. थांबायचा विचार कोणी केला नव्हता. रखवालदाराने शिट्टी फुंकली, सव्वासात व्हायला दोन मिनिटं. सेक्रेटरी दोन्ही हात पसरून समोरून पुढे झाले. "समोरून नको!" काकांचा आवाज चिरकला.

"अरे, जसा चढवलास तसाच उतरव," बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "तिथेच, तळाला. फक्त उलटा हात लाव. हळू."

ह्यांनी मान हलवली. काका मागून येताना तळाशी ह्यांचा तळवा हलकेच त्यांच्या छातीला लागायचा. एक. टोक खाली आलं. दोन. तीन. चौथ्याला झाकण वाजेनासं झालं. सातव्याला झोपाळा थांबला. काका दोन्ही साखळ्या घट्ट धरून, एका पायात चप्पल, डोळे मिटून बसून होते.

"पोटात कळलं," ते डोळे न उघडता म्हणाले. "खाली असताना... दर वेळी... पोटात कळलं."

सेक्रेटरींनी कागद काढला. इतका सुटका झाल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "तर, मजकुरात चूक नाही असं सिद्ध झालं असून फळा ताईंकडेच..."

मी बाकाकडे पाहिलं. सासूबाई कारंज्याकडे बघत होत्या. हे हाताचा तळवा शर्टाला पुसत होते.

"थांबा," मी म्हणाले. "चित्रात चूक आहे."

सगळं सांगितलं. घडी, कात्री, मध्य, दोनदा जवळ येणं. माझा आवाज मलाच शिवणीसारखा उसवत चाललेला ऐकू येत होता. मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "मग अटीप्रमाणे..." आणि सेक्रेटरी कागदाकडे बघायला लागले, जणू त्यावरून ते वाक्य आपोआप निघून जाईल.

काकांनी डोळे उघडले.

"कोणी काढली ही चूक?"

"आईंनी. काल."

काकांनी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. "तेरा दिवस," ते म्हणाले. "तेरा दिवस मी रोज दोनदा त्या चित्रासमोर उभा राहतोय. चूक शोधायलाच. आणि मला ती दिसली नाही. नकाशे वाचलेत मी, बाई, पस्तीस वर्षं." त्यांनी एक पाय जमिनीला टेकवून पाहिला आणि पुन्हा वर घेतला. "सेक्रेटरी, तुमच्या कागदात चूक 'निघाल्यास' असं आहे ना? मला नाही काढता आली. मी हरलो. लिहा."

"पण काका, चूक आहे..." मी म्हणाले.

"आहे. म्हणून ती पुसा. फळा कशाला पुसताय?"

काय सांगू, मी श्वास असा सोडला की शेजारी उभे असलेले सेक्रेटरी दचकले. मग मीच हौदात हात घालून काकांची चप्पल काढली आणि पदराला हात पुसायच्याही आधी त्यांच्या पायापाशी ठेवली. ते म्हणाले, "राहू द्या हो, राहू द्या," पण पाय पुढे केला.

सोमवारी सकाळी मी फळ्याशी गेले तेव्हा काका तिथे आधीच उभे. हातात दोन खिळे, हातोडी आणि सुतळी. "दोन खिळे, त्यांच्याभोवती दोऱ्याचा फास, त्यात खडू घालून ताणून फिरवायचा. बागांच्या लांबट हौदांची आखणी आम्ही अशीच करायचो. एका खिळ्यावर पृथ्वी बसवा. मधोमध नाही." त्यांनी खिळे ठोकले. फळ्याला भोकं पडली, आणि ती मला मुळीच वाईट दिसली नाहीत. ते दोरा धरून उभे राहिले, मी खडू फिरवला. मग दुसरा खिळा लांब सरकवला, दोरा वाढवला, पुन्हा फिरवला. पाचही वाटा पृथ्वीच्या कुशीजवळ एकमेकींना भेटल्या आणि दुसऱ्या बाजूला लांब, आणखी लांब गेल्या.

खाली मी लिहिलं, "मागील चित्रात पृथ्वी चुकीच्या जागी होती." आणि त्याखाली, सकाळीच रेडिओवर ऐकलेलं: यान चंद्रापाशी पोहोचले. इंजिन उलटे चालवून त्याचा वेग वेळेत कमी केला. ते आता चंद्राभोवती फिरत आहे.

सासूबाई भिंग घेऊन उतरल्या. काकांनी त्यांच्यासाठी जागा करून दिली, दोरा तसाच हातात. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. मग सगळ्यात बाहेरच्या वाटेवर बोट ठेवलं आणि सावकाश एक पूर्ण फेरी मारली. जवळ, दूर, लांब दूर, आणि परत जवळ. बोटाला लागलेला खडू त्यांनी पुसला.

"एकदाच," त्या म्हणाल्या. जिन्याकडे वळल्या, दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या.

"छान आहे," म्हणाल्या, आणि वर गेल्या.